कवळीकरांचा परवलीचा शब्द

आमच्या जिन्यात तळमजल्यावरच्या एका दारावर नावाची पाटी नाही. पाटी लावली की आत कोण राहतं ते चोराला कळतं, असं त्या दारामागच्या गृहस्थांचं मत. आता चोराला न कळण्यासारखं त्यात काही उरलेलं नाही, कारण शेंबड्या पोरापासून पोस्टमनपर्यंत सगळ्या गल्लीला ठाऊक आहे की तिथे कवळीकर राहतात.

कवळीकर हे काही त्यांचं आडनाव नव्हे. गेली चाळीस वर्षं ते लोकांच्या कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर गिऱ्हाइकाच्या जबड्याचा ठसा घेतात, तो ठसा यांच्या पुढच्या खोलीत येतो, आणि आठवड्याभरात तिथून बत्तीशी तयार होऊन बाहेर पडते. बत्तीशी आपली म्हणायची. दात असतात अठ्ठावीसच. उरलेल्या चारांचा हिशेब मी एकदा विचारला, तर म्हणाले, "अक्कलदाढा आम्ही बसवत नाही. ज्यांना मुळात होत्या, त्यांना तरी काय उपयोग झाला?"

त्या खोलीत मेणाचा आणि स्पिरिटच्या दिव्याचा वास कायमचा मुरलेला आहे. खिडकीखाली घासकामाचं चाक, त्याच्याभोवती गुलाबी भुशाची रांगोळी सांडलेली, आणि समोरच्या फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, प्रत्येकाच्या हनुवटीला नावाची चिठ्ठी. त्या फळीसमोर बसून चहा प्यायचा म्हणजे चाळीस माणसं आपल्याला एकदम हसताहेत असं वाटतं. कवळीकरांचे स्वतःचे दात पन्नाशीतच गेले. मग त्यांनी स्वतःसाठी जी कवळी केली ती त्यांच्या मते त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत थोर काम. नव्या गिऱ्हाइकाला विश्वास वाटावा म्हणून ते तिने अक्रोड फोडून दाखवतात. गिऱ्हाइकाला विश्वास वाटतो. फक्त त्यालाही घरी जाऊन अक्रोड फोडावासा वाटतो, आणि मग तो परत येतो.

डॉक्टरांना न आवरणारी गिऱ्हाइकं थेट यांच्याकडे पाठवली जातात. त्यांची कवळी नीट बसली की नाही हे पाहायला कवळीकर त्यांना एकच शब्द म्हणायला लावतात: सदुसष्ट. कवळी ढिली असेल तर शिट्टी वाजते. उंच झाली असेल तर समोरच्याला चेहरा पुसावा लागतो. तोंडात कवळीच नसेल तर जे बाहेर पडतं, त्याला कुठल्याच देशात भाषा म्हणत नाहीत. दिवसभर त्या खोलीतून "सदुसष्ट, सदुसष्ट" असा घोष चाललेला असतो. नवा भाडेकरू आला की त्याला पहिले आठ दिवस वाटतं, तिथे कसला तरी पंथ आहे.

असा हा निरुपद्रवी माणूस. पण गाडीचा विषय निघाला की त्याच्या अंगात एकदम किल्लेदार संचारतो.

गाडी म्हणजे राखाडी रंगाची, बारा वर्षांची, एका दाराला पोचा आलेली. ती चोरायची म्हणजे चोराला आधी स्वतःचा स्वाभिमान सोडावा लागेल. पण कवळीकरांनी तिच्या स्टिअरिंगला साखळदंड घातला आहे, मागच्या काचेला आतून जाळी बसवली आहे, आणि पुढे, जिथे लोक देवाची तसबीर लावतात तिथे, स्वतःच्या हाताने लिहिलेले सतरा नियम चिकटवले आहेत.

हे नियम झाले कसे, ते सांगायला हवं. आठ वर्षांपूर्वी कवळीकर डॉक्टरांकडे माल पोचवायला निघाले होते. शेजारी बायको, बायकोच्या मांडीवर मालाची पिशवी. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा एका सभ्य दिसणाऱ्या माणसाने काचेवर टकटक केली आणि अत्यंत कळवळ्याने सांगितलं, "काका, मागचं चाक बसलंय बघा." काका बघायला उतरले. चाक टणटणीत होतं. तेवढ्यात दुसऱ्या बाजूचं दार उघडून त्या सभ्य माणसाच्या तितक्याच सभ्य जोडीदाराने पिशवी लांबवली, आणि दोघं मोटरसायकलवरून दिसेनासे झाले.

चौकीत जो संवाद झाला तो मला तिथल्या शिपायाने सांगितला. तो माझ्याकडे बुद्धिबळ खेळायला येतो, आणि दर डावाला हाच किस्सा सांगतो.

"काय काय गेलं?"

"दात."

"किती?"

"तीनशे ब्याण्णव."

अंमलदाराने पेन खाली ठेवलं. "एकाच माणसाचे?"

चौदा माणसांचे होते. ती चौदा माणसं पुढे पंधरा दिवस पेज पीत बसली. त्यातले एक निवृत्त न्यायाधीश होते. त्यांचा त्याच आठवड्यात सत्कार होता आणि त्यांना नुसतं मान डोलवून आभार मानावे लागले. त्यांचं तेच भाषण सर्वोत्तम झालं म्हणतात. चोरांनी पिशवी उघडून आत काय पाहिलं असेल या कल्पनेवर आमच्या गल्लीने वर्षभर करमणूक करून घेतली. कवळीकर मात्र हसले नाहीत. त्यांनी घरी येऊन दार लावलं आणि नियम लिहायला घेतले.

वाईट म्हणजे, नियम शहाणपणाचे आहेत. चेष्टा करावी म्हणून मी ते तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा निराश झालो. गाडीत बसल्याबरोबर आधी दारं आतून लावायची, मग पट्टा, मग इंजिन. बॅग, पर्स, फोन यातलं काही सीटवर ठेवायचं नाही. डिकीत टाकायचं, आणि तेही घरून निघतानाच, मुक्कामी पोचल्यावर दहाजणांच्या डोळ्यांदेखत नव्हे. सिग्नलला पुढच्या गाडीची मागची चाकं जमिनीपर्यंत दिसतील एवढी जागा सोडायची, म्हणजे वेळ आली तर बाजूने काढता येते. चाक बसलंय, तेल गळतंय, तुमच्या नोटा खाली पडल्यात असं कोणी सांगितलं तर रस्त्यात उतरायचं नाही; वर्दळीच्या ठिकाणापर्यंत जायचं आणि मग बघायचं. कोणी शस्त्र दाखवलंच तर गाडी देऊन टाकायची, जीव नाही. यात हसण्यासारखं काय आहे?

हसण्यासारखा एकच नियम होता, सतरावा. तो त्यांना सर्वांत प्रिय. चोर कुठलंही सोंग घेऊन येऊ शकतो: पोलिसाचं, शेजाऱ्याचं, नात्यातल्या माणसाचं. म्हणून परवलीचा शब्द ऐकल्याशिवाय दार उघडायचं नाही, मग समोर कोणीही असो. नियमाखाली लाल शाईने लिहिलं होतं: "प्रत्यक्ष मी असलो तरी!" आणि तो शब्द काय निवडला असेल? ज्याच्या तोंडी चाळीस वर्षं एकच शब्द बसला आहे, तो दुसरा कुठून आणणार?

सदुसष्ट.

आता कवळीकरीणबाईंकडे वळू. साठीच्या, ठेंगण्या, बोलायला मऊ. त्यांनी दोन वर्षांपूर्वी, कवळीकर कामात आहेत असं पाहून, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं आणि पहिल्या खेपेत परवाना मिळवला. कवळीकरांना तीन खेपा लागल्या होत्या. हे मी त्यांना अधूनमधून आठवण म्हणून सांगतो. पण परवाना मिळाला म्हणून चावी मिळाली असं नाही. बाईंनी गाडी चालवायची ती शेजारी कवळीकर बसलेले असतानाच, आणि शेजारी कवळीकर बसलेले असणं यापेक्षा चालत गेलेलं बरं.

दोन वर्षं हे असंच चाललं. मग बाईंची थोरली बहीण न्हाणीघरात घसरून पडली आणि तिचा खुबा मोडला.

ही ताई शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एकटी राहते. शस्त्रक्रिया झाली, नवा खुबा बसला, आणि डॉक्टरांनी सांगितलं की सोमवार, बुधवार, शुक्रवार दहा वाजता व्यायामाला आणायचं, सहा महिने. नाहीतर पाय कायमचा आखडेल. बसची पायरी तिला चढता येत नव्हती. भाड्याची गाडी दोनदा बोलावली. एक आलीच नाही, दुसरीचा चालक म्हातारीला फुटपाथवर तिष्ठत ठेवून हॉर्न वाजवत राहिला. ताईचा पुतण्या नऊ तासांच्या अंतरावर दुसऱ्या गावी असतो. तो भला माणूस, म्हणाला, "काकू, तुम्ही आमच्याकडेच राहायला या. रविवारी टेम्पो घेऊन येतो, सामान भरू, घर बंद करू."

ताईला जायचं नव्हतं. बाईंना तिला जाऊ द्यायचं नव्हतं. या दोघी जन्मापासून एकमेकींना भेटल्याशिवाय चार दिवस राहिलेल्या नाहीत. भेटल्या की भांडतात, पण नऊ तासांवरून भांडण काय रंगणार?

"तुम्ही ने-आण करा," बाई कवळीकरांना म्हणाल्या.

"सोमवार, बुधवार, शुक्रवार? दहा वाजता? त्याच रस्त्याने?" कवळीकर उडालेच. "अगं, अकरावा नियम वाच! ठरलेली वेळ, ठरलेला रस्ता म्हणजे चोराच्या हातात छापील वेळापत्रक!"

"मग मला द्या चावी. मी नेते."

"एकटी?"

"ताई असेल ना."

"तिचा एक पाय प्लास्टिकचा आणि तू सव्वाचार फूट. फारच बंदोबस्त झाला!"

त्या दिवशी भिंतीपलीकडून आवाज आले म्हणून मी चौकशीला गेलो. चौकशी करणं हे शेजाऱ्याचं कर्तव्यच असतं. बाईंनी जेवणाची ताटं मांडली होती, पण बोलणं बंद केलं होतं. तिसऱ्या दिवशी कवळीकरांनी तह केला. शनिवारपर्यंत परीक्षा घेतली जाईल. लेखी, तोंडी आणि प्रात्यक्षिक. उत्तीर्ण झाली तर चावी तिची, पुतण्याला नाही म्हणून कळवायचं. नापास झाली तर रविवारी टेम्पो येईल आणि ताई जाईल.

"मान्य," बाई म्हणाल्या. तीन दिवसांतला त्यांचा तो पहिला शब्द.

लेखी परीक्षेत सतरापैकी सतरा. तोंडीतही खोट काढता येईना, तेव्हा कवळीकरांनी उभं राहण्याच्या पद्धतीवरून अर्धा गुण कापला. राहिलं प्रात्यक्षिक. शुक्रवारी संध्याकाळी ते माझ्याकडे आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "काका, तुमची ती काळी टोपी आणि मफलर द्या. आणि उन्हाचा चष्मा."

"कुठे चाललात?"

"मी चोर होणार आहे."

बेत असा होता. बाजाराच्या रस्त्यावर बाईंना गाडीत बसवून, मी माल देऊन येतो म्हणून ते निघणार. कोपऱ्याआड सोंग चढवून परत येणार आणि काचेवर टकटक करून चाक बसल्याचं सांगणार. बाईंनी काच खाली केली की नापास.

"आवाजावरून ओळखतील की," मी म्हणालो.

कवळीकर हसले. अठ्ठावीसही दाखवले. "त्याचा बंदोबस्त आहे."

मी बाईंना यातलं अक्षर सांगितलं नाही. तसा मी शब्दाचा पक्का आहे. फक्त शनिवारी सकाळी त्या जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणालो, "बाई, माझी काळी टोपी बाजारात कुणाच्या डोक्यावर दिसली तर सांगा हं, हरवल्यासारखी झालीय." त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं, काका."

अकराच्या सुमारास गाडी बाजाराच्या रस्त्याला लागली. बाईंनी ती सगळ्या नियमांप्रमाणे उभी केली. पुढे जागा सोडून, तोंड रस्त्याकडे. कवळीकर उतरले, मागे गेले, डिकी उघडली. उघड्या झाकणाआड त्यांनी दाखवायपुरती मालाची रिकामी पिशवी घेतली, सोंगाची पिशवी घेतली, आणि मग तो बंदोबस्त केला. तोंडातली कवळी काढली. कवळी काढली की त्यांचे गाल आत जातात, नाक हनुवटीला भेटायला येतं आणि आवाज कुठल्या तरी रिकाम्या पिंपातून येतो. सख्खी आई ओळखणार नाही. कवळी त्यांनी तिच्या छोट्या डबीत ठेवली. डबी खिशात टाकणार होते, पण तेवढ्यात नववा नियम आठवला: रस्त्यात उतरताना मौल्यवान वस्तू अंगावर बाळगू नये. नियम म्हणजे नियम. डबी डिकीत ठेवली, झाकण खाली ओढलं आणि निघाले. चावी आत, गाडीला लावलेली होती.

चार मिनिटांनी काचेवर टकटक झाली. काळी टोपी, काळा चष्मा, मफलर, आणि मफलरच्या वर सुरकुतलेल्या पेरूसारखा चेहरा.

"बाई, मागफं फाक बफलंय."

बाईंनी आरशात पाहिलं. दारं पाहिली. काच जिथल्या तिथे होती. त्यांनी हात हलवून "नको" अशी खूण केली. टकटक वाढली. बाईंनी नियमाप्रमाणे हॉर्न वाजवायला सुरुवात केली, लांब लांब. समोरच्या दुकानदाराने मान वर केली.

कवळीकरांचा ऊर भरून आला. काय शिकवलंय आपण! बायकोला पैकीच्या पैकी द्यायचे असं त्यांनी तिथेच ठरवलं, हे त्यांनी नंतर मला शपथेवर सांगितलं. त्यांनी टोपी काढली, चष्मा काढला आणि काचेला तोंड लावून ओरडले, "अगं, मी! मी! पाफ झालीफ!"

बाईंनी हॉर्न थांबवला. त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग काचेआडून शांतपणे म्हणाल्या, "शब्द?"

"फदुफफ्ट!"

"काय?"

"फ! दु! फफ्ट!"

"चूक."

"अगं, दाफ डिकीफ आहेफ! डिकी उघड! डिकी!"

इथे रस्त्यावरच्या लोकांनी जे पाहिलं ते त्यांच्या बाजूने पाहायला हवं. एक बाई गाडीत एकटी. एक मफलरवाला थेरडा काचेवर मुठी आपटतोय आणि "डिकी उघड" म्हणून किंचाळतोय. भाजीची पिशवी घेतलेली एक बाई ओरडली, "अहो, धरा त्याला!" आणि आतल्या बाईंना चौदावा नियम आठवला: अनोळखी माणूस हट्टाला पेटला तर वाद घालू नये, गाडी काढावी आणि सरळ ओळखीच्या दारी जावं. पुढे जागा सोडलेलीच होती. राखाडी गाडी झोकात वळली आणि कवळीकरांचे अठ्ठावीस दात डिकीत घेऊन दिसेनाशी झाली.

त्यांनी नवऱ्याला ओळखलं होतं का? मी हे तीनदा विचारलं आहे. पहिल्यांदा म्हणाल्या, "छे हो, काका, मी तर घाबरूनच गेले." दुसऱ्यांदा म्हणाल्या, "ओळखलं, पण नियमात 'प्रत्यक्ष मी असलो तरी' लिहिलंय. लाल शाईने." तिसऱ्यांदा नुसतं विचारलं, "तुमची टोपी मिळाली का?"

कवळीकरांना दुकानदाराने एका बाजूने धरलं आणि हमालाने दुसऱ्या.

"काय रे म्हाताऱ्या, या वयात?"

"मी फोर नाही!"

"चार नाही तर किती? बाकीचे कुठायत?"

"अहो, ती माझी बायको!"

"ऐका! आता बायको म्हणतोय!" हमालाने तोंडाचा वास घेऊन पाहिला. "प्यायलेला वाटत नाही. म्हणजे सराईत आहे."

चौकी तिथून शंभर पावलांवर होती. बाईमाणूस अंमलदार होत्या, कडक इस्त्रीच्या. त्यांनी नाव विचारलं. जे उत्तर आलं ते त्यांना तीनदा लिहून तीनदा खोडावं लागलं. शेवटी त्यांनी कागद-पेन्सिलच पुढे सरकवली. कवळीकरांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: "मी चोर नाही. मी चोराची भूमिका करत होतो."

"सगळे असंच सांगतात," अंमलदारबाई म्हणाल्या. "तुम्ही लिहून दिलंत, एवढाच फरक."

मग कवळीकरांनी आपली भूमिका स्पष्ट करण्यासाठी सतराही नियम पाठपोट लिहून काढले. अंमलदारबाईंनी ते वाचले आणि पहिल्यांदा चेहरा जरा सैल केला. "हे चांगलंय. हे मी बाहेर फळ्यावर लावते. कुठे शिकलात?"

कवळीकरांनी उत्तराऐवजी बायकोचा नंबर लिहून दिला. बायकोला फोन लावला गेला. उचलेना. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, उचलेना. कवळीकरांनी पेन्सिल घेतली आणि केविलवाणेपणाने लिहिलं: "नियम सहा. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही."

असे ते दोन तास बाकावर बसून होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडात दात घातले आणि आता स्वतःवर वेळ आली तर दात-ओठ खायचे म्हटलं तरी नुसते ओठ.

इकडे बाई नियमाप्रमाणे ओळखीच्या दारी गेल्या होत्या, म्हणजे ताईच्या. ताई दारात काठी घेऊन उभीच. आणि गाडी आलेलीच आहे, इंजिन गरमच आहे, म्हणून त्यांनी ताईला पुढच्या सीटवर बसवलं, सीट पार मागे सरकवून पाय लांब ठेवला, आणि व्यायामाच्या दवाखान्यात नेऊन पहिली तपासणी उरकून घेतली. तिथे बसल्यावर त्यांनी फोन पाहिला. उलट फोन केला तर चौकी निघाली. तपासणी पूर्ण होऊ दिली. मग चौकीत आल्या.

अंमलदारबाईंनी बाकाकडे बोट केलं. "हे तुमचे कोण?"

बाईंनी बराच वेळ निरखून पाहिलं. "दात घातल्याशिवाय सांगता येणार नाही," म्हणाल्या आणि पर्समधून डबी काढून दिली.

कवळीकरांनी भिंतीकडे तोंड करून कवळी बसवली. वळले. कोणी काही विचारण्याआधी, खणखणीत आवाजात, सगळी चौकी ऐकेल असं म्हणाले, "सदुसष्ट."

"आमचेच," बाई म्हणाल्या.

गाडीत ताई पुढे, म्हणून कवळीकरांना मागे बसावं लागलं. मागच्या सीटवर ते बारा वर्षांत पहिल्यांदाच बसत होते. तिथून नियमांचा कागद वाचता येत नाही.

पुढचं ताईने मला सांगितलं, म्हणून त्यावर विश्वास ठेवतो. कवळीकर हळूच म्हणाले, "सगळे त्या दातांना हसले गं. त्या माणसाने पिशवी ओढली तेव्हा बंद तुझ्या मनगटाला अडकला होता. गाडीबाहेर ओढली गेलीस अर्धी. मी काय करत होतो? मी चाक बघत होतो."

बाईंनी वळणावर आरशात पाहिलं, बाजूला पाहिलं, गाडी वळवली, मग बोलल्या. "अहो, मनगट माझं दुखावलं आणि आठ वर्षं कड्याकुलपं घालून तुम्ही बसलात. माझं तर पंधरा दिवसांत बरं झालं."

"मला भीती वाटते."

"मलाही वाटते. म्हणून तर सगळे नियम पाठ केले. घरात बसायचं असतं तर कशाला करायचे होते?"

तेवढ्यात ताईचा फोन वाजला. पुतण्या होता. त्याचा आवाज मोठा, सगळ्या गाडीला ऐकू आला. "काकू, टेम्पोवाला विचारतोय, उद्या सकाळी सातला निघू ना? दोन माणसं हमालीला सांगितलीत."

ताईने फोन कानाशी धरला. बहिणीकडे पाहिलं. बहिणीने आरशात पाहिलं. आरशात कवळीकर होते. सिग्नल लाल होता. पुढच्या गाडीची चाकं पूर्ण दिसत होती. दारं बंद होती. नापास करायला काही म्हणजे काही सापडेना.

"हॅलो? काकू? ऐकू येतंय ना?"

कवळीकरांनी घसा खाकरला. "त्याला सांगा, टेम्पो नको. सोमवारी दहाला ताईंची वेळ आहे."

ताईने तसंच सांगितलं, आणि मग फोन बंद करून उगाच खिडकीबाहेर बघत बसली.

"आणि अकरावा नियम?" बाईंनी विचारलं.

"अकराव्यात दुरुस्ती करू. जाताना एका रस्त्याने जा, येताना दुसऱ्या. वेळेत पाच-दहा मिनिटं मागेपुढे."

"बरं. आणि चावी?"

"तुला एक दुसरी करून आणतो."

"दुसरी कशाला? मला ही आहे की. दुसरी तुम्ही करून घ्या."

सिग्नल हिरवा झाला.

तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार कवळीकर मालाची पिशवी पोटाशी धरून बसने डॉक्टरांकडे जातात. बससाठी त्यांनी नवे नियम लिहायला घेतले आहेत, चोविसावर आलेत. सतराव्या नियमातला शब्द मात्र रद्द झाला. नवा परवलीचा शब्द ठरवायचा म्हणून दोघांनी एक संध्याकाळ घालवली. बिनदातांना म्हणता येईल असा पाहिजे ही अट होती. शेवटी "मामा"वर एकमत झालं. हे मला ठाऊक आहे म्हणजे आता गल्लीला ठाऊक आहे, तेव्हा तोही लवकरच बदलावा लागेल.

सहा महिने होऊन गेले. ताईचा पाय बरा झाल्याचं डॉक्टरांनी गेल्या महिन्यातच सांगितलं, असं दवाखान्यातली परिचारिका म्हणते. तिची मावशी माझ्या ओळखीची आहे. पण हे कवळीकरांना कोणी सांगितलेलं नाही, आणि गाडी अजून सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी निघतेच. परवा मी तळ्याकडे फिरायला गेलो होतो, तिथे दोघी दिसल्या. कशावरून तरी जोरात भांडण चाललं होतं. थोरली तरातरा पुढे चालली होती, आणि काठी धाकटीच्या हातात होती.